लोट्शेनटाल (स्वित्झर्लंड): आईबाबांना घेऊन शांत दरीत चालायचंय, वाटा सुचवा

गंधाली_म्युनिक

नमस्कार. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आईबाबा नाशिकहून आमच्याकडे येताहेत. बाबा ६७ वर्षांचे, अंजनेरी-ब्रह्मगिरी म्हणजे त्यांचं अंगण, हरिहरच्या पायऱ्या साठीनंतर पण चढून आलेत. आईचा उजवा गुडघा दुखतो, चढाला तिला काही होत नाही पण लांब उतार झाला की रात्री सुजतो.

मागच्या वेळी त्यांना लाउटरब्रुननला नेलं होतं. सुंदरच आहे, वाद नाही, पण फोटोला रांग, ट्रेनला रांग, धबधब्याखाली रांग, आणि बाबा दोन दिवस गप्प गप्पच होते. शेवटी म्हणाले पुढच्या वेळी जिथे आपल्याला नुसतं चालता येईल अशा जागी ने. तर अशी एखादी दरी हवीये. चार दिवस आहेत. नवऱ्याला त्यातले दोन दिवस काहीतरी उंचावरचं करायचंय, हटमध्ये (डोंगरातल्या मुक्कामघरात) मुक्काम, जमलं तर हिमनदी. लोट्शेनटालचं नाव ऑफिसातल्या एकीने सुचवलं पण तिथे दरड कोसळली ना? जाता येतं का? जावं का?

भटका_बर्नकर

गंधाली, जाता येतं आणि माझं मत विचारशील तर जावं. मी अकरा वर्षं बर्नमध्ये आहे आणि या दरीत वर्षातून तीनचार वेळा तरी जातो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी नकाशा डोक्यात बसव. वालिस कँटनमधली पूर्व-पश्चिम पसरलेली लांबट दरी, मधून लोन्झा नदी. दरीच्या वरच्या टोकाला लांगग्लेचर नावाची हिमनदी, तिच्यातून नदी निघते आणि खाली गोपेनश्टाइनच्या घळईतून उतरून ऱ्होनला मिळते. नदीकाठाने खालून वर चार गावं, फेर्डन, किपल, विलर आणि ब्लाटन. दक्षिणेला बीचहॉर्न, ३,९३४ मीटर, बाणाच्या टोकासारखा एकटा उभा. उत्तरेच्या बाजूला दिवसभर ऊन असतं, तिथे दोन हजार मीटरच्या आसपास उन्हाळी कुरणं आहेत. त्यांनाच आल्प म्हणतात, गुरं वर नेऊन दोनतीन महिने राहायचं, तिथेच चीज करायचं. आपल्या धनगरांच्या वाड्यांसारखंच, फक्त इथली घरं लाकडाची, उन्हाने काळी पडलेली.

ही सगळी कुरणं एका आडव्या वाटेने जोडलेली आहेत, तिला लोट्शेनटालर ह्योएनवेग म्हणतात. तुझ्या आईसाठी हीच वाट, कारण चढउताराचं काम केबलकार करते. विलरहून (१,४१९ मी.) केबलकारने लाउखरनआल्पला (१,९६९ मी.) जायचं आणि तिथून डोंगराच्या कुशीतून आडवं चालायचं.

पश्चिमेला गेलीस तर होकेनआल्प, मग कुमेनआल्प (२,०८३ मी.). आरामात सव्वा ते दीड तास, खायला मिळतं, आणि समोर बीचहॉर्न पूर्ण वेळ. आईने इथूनच परत लाउखरनआल्पला यावं, कारण कुमेनआल्पवरून खाली फेर्डनला जाणारी वाट सातशे मीटर सरळ उतरते, गुडघ्याची वाट लागेल. बाबांना पुढे जायचं असेल तर रेस्टिआल्प, फाल्डुमआल्प आणि तिथून यायझिनेनपर्यंत, एकूण पाचएक तास. यायझिनेनहून छोटी केबलकार गांपेलला उतरवते म्हणजे शेवटचा मोठा उतार वाचतो. फाल्डुमआल्पला लाकडी घरांचा पुंजका आणि एक चॅपल आहे, वरच्या उतारावर हिमप्रपात अडवायचे बांध दिसतील, ते खालच्या रेल्वेसाठी घातलेले. ही पश्चिम बाजू कोसळलेल्या भागापासून बरीच लांब आहे.

पूर्वेला वेरिट्झआल्प, टेलिआल्प, काळसर पाण्याचं श्वार्झसे तळं आणि मग फाफ्लरआल्प (१,७८७ मी.). ही ह्योएनवेगची सगळ्यात प्रसिद्ध बाजू होती, तीन-साडेतीन तास, फाफ्लरआल्पहून पोस्टबसने परत. पण फाफ्लरआल्पचा रस्ता दरडीखाली गेलेल्या ब्लाटनमधूनच जायचा. त्यामुळे पूर्वेकडे कुठवर उघडं आहे ते निघायच्या आदल्या दिवशी दरीच्या पर्यटन कार्यालयाच्या पानावर बघायचं. जुन्या ब्लॉगवर विसंबून कुणी त्या बाजूला जाऊ नका.

ऋतुजा_झ्युरिक

प्रवासाचं मी सांगते कारण आम्ही यात चांगलेच फसलो होतो. बर्नहून ब्रीग-फिस्पकडे जाणाऱ्या वेगवान गाड्या नव्या बेस टनेलमधून जातात (३४.६ किमी, २००७ साली सुरू झालं) आणि त्या गोपेनश्टाइनला थांबत नाहीत, डोंगराच्या पोटातून थेट फिस्प. आम्ही दोन लहान मुलं आणि सासूबाईंना घेऊन अशाच गाडीत बसलो, फिस्पला उतरलो, तिथून उलटं यायला दीड तास गेला आणि केबलकारची दुपारची सुट्टी नेमकी गाठली. तुम्हाला हवी ती जुन्या डोंगरी मार्गाची रेगिओएक्स्प्रेस, बर्न-थून-श्पीट्स-कांडरश्टेग-गोपेनश्टाइन. अ‍ॅपमध्ये मुक्कामाचं ठिकाण म्हणून सरळ विलरची केबलकार टाकायची, म्हणजे ते बरोबर गाडी आणि पोस्टबस जोडून देतं. आणि त्या जुन्या मार्गावर खिडकीतून जे दिसतं ना, त्यासाठी तरी हीच गाडी घ्या, कांडरश्टेगच्या आधी गाडी डोंगरात वळसे घेत चढते आणि तोच किल्ला तुम्हाला वेगवेगळ्या बाजूंनी दिसत राहतो.

कार घेऊन येणार असाल तर कांडरश्टेगला गाडी ट्रेनवर चढवायची, पंधरा-वीस मिनिटांत बोगद्यापलीकडे.

खाण्याचं: शाकाहारी असाल तर काळजी नको. रोष्टी (किसलेल्या बटाट्याची), राक्लेट (वितळवलेलं चीज), राईचा कडक ब्रेड आणि चीज सगळीकडे. वालिसमध्ये कोलेरा नावाचा एक पदार्थ मिळतो, नाव ऐकून आई दचकतील, पण आत बटाटा, लीक, सफरचंद आणि चीज असलेला पाय असतो, पोटभरीचा. पाणी विकत घेऊ नका, गावागावात लाकडी किंवा दगडी डोणीत झऱ्याचं पाणी पडत असतं, पिण्याजोगं नसेल तिथे पाटी असते.

कड्यावरचा

नवऱ्याच्या दोन दिवसांबद्दल. दोन पर्याय आहेत आणि त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, तो नीट समजून घ्या.

पहिला लोट्शेनपास ही खिंड, २,६९० मीटर. हा चालण्याचा मार्ग आहे, थोडा कसदार. कांडरश्टेगहून छोट्या बसने गास्टर्नटालमधल्या झेल्डनला (१,५३७ मी.), बसची जागा आधी फोन करून ठेवावी लागते. तिथून गफेलआल्प आणि मग लोट्शेनग्लेचर या हिमनदीचा छोटा, बराचसा सपाट, दगडधोंड्यांनी झाकलेला तुकडा खुणांच्या काठ्या बघत ओलांडायचा. पाससाठी चारएक तास, चढ साडेअकराशे मीटर. पासवरच हट आहे, तिथे रात्र काढायची, सकाळी बीचहॉर्नवर पहिलं ऊन पडताना बघायचं आणि दोन-सव्वादोन तासांत लाउखरनआल्पला उतरायचं. म्हणजे आईबाबा खालून केबलकारने येतील, नवरा वरून येईल, दुपारचं जेवण एकत्र. पासवर ताकद उरली आणि हवा स्वच्छ असेल तर होकेनहॉर्न (३,२९३ मी.) आहे, शेवटी सैल दगडात हात वापरावे लागतात, पण बाकी चालत जाण्यासारखं तीन हजारी शिखर. जुलैच्या सुरुवातीला पासच्या आसपास जुना बर्फ असतो, हटवाल्यांना विचारून मगच.

या पासला जुना इतिहास पण आहे. किपलला आल्बेर्ट न्यूफेलर नावाचा चित्रकार राहायचा, त्याला १९३०-४० च्या दशकांत इथे लाकडी धनुष्यं सापडली, ती चार हजार वर्षांपूर्वीची, ब्रॉन्झ युगातली निघाली. म्हणजे तेव्हापासून माणसं इथून ये-जा करताहेत, बोगदा आला १९१३ ला.

दुसरा पर्याय लोट्शेनल्युके, ३,१७८ मीटर, आणि तिच्या डोक्यावर होलांडिया हट (३,२४० मी.). फोटो बघून लोक भुलतात कारण ती खिंड दरीच्या टोकाला बर्फाच्या खोगीरासारखी दिसते, सोपी वाटते. ती सोपी नाही. पूर्ण हिमनदी, बर्फाखाली झाकलेल्या भेगा, दोर, क्रॅम्पॉन (बुटांना लावायचे काटे), हार्नेस, भेगेतून माणूस बाहेर काढता येणारे किमान तिघं. मी हे केलंय ते युंगफ्राउयोखकडून, कॉन्कॉर्डियाप्लाट्झ ओलांडून, गाइडबरोबर, आणि तेही मे महिन्यात स्कीवर. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी बर्फ मऊ होतो, भेगांवरचे बर्फाचे पूल खचतात. शिवाय खाली फाफ्लरआल्पला उतरून पुढे बाहेर कसं पडायचं हा प्रश्न आता वेगळाच आहे. पहिल्यांदा हिमनदीवर जाणाऱ्याने हे नकोच.

आणि बीचहॉर्नचं कुणी नाव काढू नका. सह्याद्रीतले सुळके सर करणारे आपले दोनतीन जण दरवर्षी विचारतात. चढाईची ग्रेड कागदावर ZS म्हणजे 'बऱ्यापैकी कठीण', मधली दिसते, पण खडक सैल आहे, कडा लांब आहे आणि उतरायला चढण्याइतकाच वेळ लागतो. १३ ऑगस्ट १८५९ ला लेस्ली स्टीफन पहिल्यांदा वर गेला तो याच दरीतले आन्टोन आणि योहान झीगन, योझेफ एबेनर या स्थानिकांना घेऊन. त्या माणसांना घरासमोरचा डोंगर पाठ होता.

सह्यपुत्र७१

सगळ्यांचं वाचतोय. कड्यावरचा, उत्तम लिहिलंस.

मी २०११ साली मुलाकडे गेलो होतो तेव्हा फाफ्लरआल्पहून आनेन हटपर्यंत गेलो होतो (२,३५८ मी.). ती हट २००७ च्या हिमप्रपातात उद्ध्वस्त झाली होती आणि पुढच्याच वर्षी पुन्हा उभी केली, हे तिथे कळलं तेव्हा मला फार आश्चर्य वाटलं होतं. परत येताना बस चुकली म्हणून ब्लाटनला तासभर बसलो. चर्चच्या जवळ एका बाईने बाकावर जागा करून दिली, भाषा येत नव्हती एकमेकांची, तिने पिशवीतून जर्दाळू काढून हातावर ठेवले. एवढंच. ते गाव आता नाही हे बातमीत बघितलं तेव्हा मी टीव्ही बंद करून बाल्कनीत जाऊन बसलो.

मला एक विचारायचंय बर्नकर. इर्शाळगडाला मी किती वेळा गेलो असेन मोजलं नाही, वाडीत थांबून चहा-पिठलंभाकरी ठरलेलं. १९ जुलै २०२३ च्या रात्री वाडी गेली. त्याआधी २०२१ ला तळिये, २०१४ ला माळीण. तिन्ही ठिकाणी माणसं घरात होती. ब्लाटनला तीनशे माणसं आधीच बाहेर काढलेली होती. त्यांना कळलं कसं?

भटका_बर्नकर

काका, मी यावर त्या दिवसांत रोज वाचत होतो.

ब्लाटनच्या वर बिर्ख नावाची एक छोटी हिमनदी होती आणि तिच्याही वर क्लाइनेस नेस्टहॉर्न हे शिखर, ३,३०० मीटरच्या पुढचं. या हिमनदीवर लक्ष आधीपासूनच होतं, कारण तिच्यावरून पूर्वीही बर्फ-हिम खाली आलेलं. मे २०२५ मध्ये शिखराचा भाग सरकायला लागला आणि दगड हिमनदीवर पडायला लागले. १९ मे ला गाव रिकामं केलं, माणसं तर काढलीच, गुरंढोरंही हलवली. पुढचे नऊ दिवस दगड पडत राहिले, लाखो टन ओझं हिमनदीच्या पाठीवर साठलं आणि ती एरवी जेवढी हळू सरकते त्याच्या कितीतरी पट वेगाने, दिवसाला काही मीटर, खाली ढकलली जायला लागली. रडार आणि कॅमेऱ्यावर हे सगळं दिसत होतं. २८ मे ला दुपारी साडेतीनच्या सुमारास सगळंच्या सगळं एकदम सुटलं. गावाचा साधारण ९० टक्के भाग गाडला गेला. ढिगाऱ्याने लोन्झा अडली, मागे तळं साचलं आणि जी थोडी घरं वाचली होती त्यांच्यात पाणी शिरलं. एक माणूस गेला.

म्हणजे दरड थांबवता आली नाही, गाव वाचवता आलं नाही. डोंगराकडे रोज बघणारं कुणीतरी होतं आणि त्याने निघा म्हटल्यावर लोक दारं लावून निघाले, एवढंच करता आलं. गोठलेल्या खडकातला बर्फ वितळणं हे एक कारण सांगतात, पण ते शिखर मुळात तडे गेलेलं होतं, सगळा दोष एकाच गोष्टीवर टाकता येणार नाही.

आपल्याकडच्या दरडी वेगळ्या, पावसाने फुगलेली माती काही मिनिटांत खाली येते, दिवसाला किती मीटर असं मोजायला वेळच मिळत नाही. त्यामुळे तुलना एकास एक होत नाही हे मला कळतं. पण तरीही.

सह्यपुत्र७१

हो. पण तरीही.

नव्या ट्रेकर मुलांसाठी लिहून ठेवतो. पावसाळ्यात पायथ्याच्या वाडीत मुक्काम करणार असाल तर संध्याकाळी वाडीच्या वरच्या अंगाला एक चक्कर मारा. जमिनीला नवी भेग पडली आहे का, झाडं किंवा विजेचे खांब कलले आहेत का, जिथे पाणी नसायचं तिथे गढूळ झरा फुटलाय का, की वाहता झरा अचानक आटलाय. म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्यांना बदल लगेच लक्षात येतो. काही दिसलं तर फोटो काढून सरपंच आणि तहसील दोन्हीकडे कळवा, आणि त्या रात्री तिथे राहू नका, वाडीतल्यांनाही राहू देऊ नका. मी आता माझ्या ग्रुपला हे केल्याशिवाय सॅक उघडू देत नाही.

निमा

थोडं कडू बोलते, राग मानू नका. गंधालीने जावं का विचारलं आणि सगळे वाटा सांगायला लागले. ज्यांची घरं चिखलाखाली गेली त्यांच्या दरीत आपण कॅमेरे घेऊन हिंडायचं? केदारनाथनंतर मी बघितलंय, लोक ढिगाऱ्यासमोर सेल्फी काढत होते. मला ते सहन झालं नव्हतं. दोनचार वर्षं त्या दरीला एकटं सोडलं तर काय बिघडेल?

भटका_बर्नकर

निमाताई, राग अजिबात नाही, मी स्वतः पहिल्यांदा परत जाताना हाच विचार करून तीन वेळा तिकीट काढायचं टाळलं. मग गेलो.

विलरला ज्या घरी मी नेहमी उतरतो त्या आजींनी दार उघडलं आणि म्हणाल्या की जून-जुलैची सगळी बुकिंग रद्द झाली, लोकांना वाटतं सगळी दरीच गेली. त्यांच्या बहिणीचं घर ब्लाटनला होतं, बहीण आता त्यांच्याकडेच राहते. त्या दोघींना मी काही विचारलं नाही, पण जेवताना बहीण स्वतःहूनच बोलायला लागली, घराबद्दल नाही, बागेतल्या रुबार्बबद्दल, की तो सोळा वर्षं जुना होता आणि तसा पुन्हा लावून येत नाही.

या दरीत शेती, गुरं आणि पाहुणे, तीनच गोष्टींवर घरं चालतात. पाहुणे आले नाहीत तर तरुण पोरं खाली ऱ्होनकाठी निघून जातील आणि मग उरलेली तीन गावंही हळूहळू रिकामी होतील. त्यामुळे जावं, राहावं, तिथल्या दुकानातून चीज-ब्रेड घ्यावा, दिवसात येऊन दिवसात पळू नये. ढिगारा बघायला म्हणून जाऊ नये. अडथळा लावलेला असेल तिथून एक पाऊल पुढे नाही, ड्रोन नाही, आणि लोकांना काय झालं-कसं झालं विचारत बसायचं नाही.

निमा

रुबार्बचं वाचून बोलणं खुंटलं. ठीक आहे. राहायला जावं, बघायला नाही, हे मला पटतंय.

ऋतुजा_झ्युरिक

अजून थोडं, आईबाबांसाठी. ज्या दिवशी पाऊस असेल त्या दिवशी किपल करा. जुन्या गल्ल्या आहेत, धान्याची कोठारं दगडी चकत्यांवर उभी आहेत, उंदरांना वर चढता येऊ नये म्हणून लाकडी खांबावर गोल सपाट दगड आणि त्यावर कोठार. माझ्या सासूबाई कोकणातल्या, त्यांना ते बघून कणग्या आठवल्या. तिथे दरीचं संग्रहालय आहे, त्यात चेगेटे मुखवटे बघायला मिळतात. फेब्रुवारीत, कॅंडलमासच्या (२ फेब्रुवारीचा ख्रिस्ती सण) नंतरपासून लेंटच्या (ईस्टरआधीचा उपवासाचा काळ) आधीच्या मंगळवारपर्यंत, दरीतली माणसं लाकडी अक्राळविक्राळ मुखवटे, बकऱ्या-मेंढ्यांची कातडी आणि कमरेला गाईची घंटा बांधून गावातून धावतात, समोर येईल त्याला बर्फात लोळवतात. जव्हार-मोखाड्याचा बोहाडा पाहिला असेल तर त्या मुखवट्यांसमोर तुम्ही बराच वेळ उभे राहाल. मी राहिले.

कड्यावरचा

काही कामाच्या गोष्टी राहिल्या.

पिवळ्या पाट्यांवरचा वेळ थांबे धरून नसतो, नुसता चालण्याचा असतो. आईसाठी दीडपट धरा. नुसती पिवळी पाटी म्हणजे साधी वाट, पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरी वाट, चांगले बूट हवेत आणि उंचीची भीती नको, पांढरा-निळा-पांढरा म्हणजे अल्पाइन, तिकडे आईबाबांना नेऊ नका.

जुलैत दुपारनंतर गडगडाट ठरलेला. सकाळी सातची केबलकार असेल तर सातचीच घ्या, दोनच्या आत छपराखाली या.

गाई वासरांबरोबर असतील तर वासराचा फोटो काढायला जवळ जाऊ नका, लांबून वळसा घाला. आपल्याकडच्या गाईंची सवय असलेल्या माणसाला हे पटत नाही पण इथल्या आया वासरासाठी खरंच अंगावर येतात.

मदतीसाठी: बाकी स्वित्झर्लंडमध्ये रेगा या हवाई बचाव संस्थेचा १४१४ सांगतात, वालिसमध्ये बचावकार्य कँटनचं स्वतःचं आहे, तिथे १४४ लावायचा.

हटमध्ये राहताना झोपायची पातळ खोळ स्वतःची न्यायची, बूट दाराशी काढायचे, येणार नसाल तर फोन करून सांगायचं. न सांगता गेला नाहीत तर ते शोध सुरू करतात.

गंधाली_म्युनिक

आधी लिहायला हवं होतं, आल्यावर आईबाबांचं पॅकिंग, मग त्यांचं जाणं, यात तीन आठवडे गेले. आम्ही जाऊन आलो.

विलरला चार रात्री राहिलो. पहिल्या दिवशी केबलकारने लाउखरनआल्प आणि कुमेनआल्प. आई अख्खी वाट काठी न टेकता चालली, मधे एका ठिकाणी वाटेत झरा आडवा आला तर तिने चपला काढाव्या तसे बूट काढले आणि पाय घालून बसली, पाणी बर्फाचं, दोन मिनिटंच बसली पण नंतर दिवसभर त्याचंच. बाबा पुढे जाऊन परत येत होते, पुढे जाऊन परत, लहानपणी आम्हाला अंजनेरीला न्यायचे तेव्हा मी तसं करायचे. कुमेनआल्पला कोलेरा मिळाला नाही, सूप आणि चीज-ब्रेड मिळाला. बाबांनी चिवडा काढला, शेजारच्या टेबलावरच्या जोडप्याला दिला, त्यांनी तो संपवला.

दुसऱ्या दिवशी बाबा आणि मी फाल्डुमआल्प-यायझिनेन केलं. साडेसहा तास लागले आम्हाला, पाटीपेक्षा जास्त, कारण बाबा प्रत्येक घराशी थांबून लाकूड कसं जोडलंय ते बघत होते, खिळे कुठेत ते शोधत होते. शेवटच्या गाडीला बारा मिनिटं राखून पोहोचलो.

नवऱ्याने लोट्शेनपास केला. हिमनदीचा तुकडा त्याला वाटला होता त्यापेक्षा सोपा गेला, त्यानंतरचा खडकातला चढ जास्त दमवणारा. रात्री पासवर गडगडाट झाला, सकाळी सगळं धुतल्यासारखं स्वच्छ होतं. ठरल्याप्रमाणे सकाळी अकराला लाउखरनआल्पला आम्हाला भेटला.

तिथून दरीच्या वरच्या बाजूला बघितलं की दिसतंच. हिरव्या दरीत मधेच करडा, मातकट पट्टा, डोंगराच्या वरपासून नदीपलीकडच्या उतारापर्यंत. फोटोत मोठेपणा कळत नाही. आईने आधी विचारलं की इतक्या मोठ्या जागेवर घरं कुठे होती, मी बोटाने दाखवलं, मग ती काही बोलली नाही. शेजारी इथलेच एक आजोबा उभे होते, त्यांनी आईकडे बघून टोपी काढली. आईने नमस्कार केला. बर्नकर म्हणाले तसं आम्ही काही विचारलं नाही.

सह्यपुत्र काका, तुमची संध्याकाळी वर चक्कर मारायची गोष्ट बाबांनी नाशिकच्या त्यांच्या ट्रेकच्या ग्रुपवर टाकली आहे. त्र्यंबकजवळच्या एका पाड्यावर त्यांची दर पावसाळ्यात आरोग्य तपासणी असते, यावेळी डॉक्टरांबरोबर दोघं जण फक्त उतार बघायला जाणार आहेत.

सह्यपुत्र७१

गंधाली, बाबांना माझा नमस्कार सांग. तडे दिसले तर दोन्ही कडांना खुंटी ठोकून दोरीने अंतर मोजून ठेवायला सांग आणि आठवड्याने पुन्हा मोजायला. अंतर वाढलं तर कुणाशी वाद घालायला लागत नाही, आकडा दाखवता येतो.

ऋतुजा_झ्युरिक

आम्ही ऑक्टोबरच्या मध्यात जायचा विचार करतोय, लार्चची झाडं पिवळी झाल्यावर. तेव्हा केबलकार चालू असते का? आणि कुमेनआल्पला खायला मिळेल का तेव्हा?

भटका_बर्नकर

लार्च साधारण तेव्हाच पिवळे होतात, एकदम सोनं. पण हंगाम संपल्यावर केबलकारची दुरुस्ती काढतात आणि तारखा दरवर्षी बदलतात, त्या बघूनच मुक्काम ठरवा. वरची खाण्याची ठिकाणं बहुतेक तोवर बंद होतात, गुरं सप्टेंबरमध्येच खाली येतात. डबा घेऊन जा, थर्मासमध्ये चहा. सावलीत सकाळी वाटेवर पातळ बर्फ असतो, सासूबाई असतील तर दहाच्या आधी निघू नका. मी त्या सुमारास तिकडेच असेन, विलरला आजींच्या घराला कुंपण घालायचंय.